उताण्या तिचाकीची बखर

माघ सरत आला की भिलाईची सकाळ एका आठवड्यात तीन ऋतूंची सोंगे आणते. सोमवारी मरोदा तलावाच्या अंगास धुके इतके दाट असते की रस्त्याच्या कडेची झाडे एकेक करून, जणू हजेरी देण्यासाठी, पुढे येतात. बुधवारी आभाळ भरून येते, वारा दिशा पालटतो, आणि कारखान्याच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड ढगांच्या पोटाला लागलेला दिसतो. शनिवारी तेच आभाळ निवळते आणि आठच्या ठोक्याला ऊन पाठ भाजू लागते. फाल्गुनात पळस पेटतो, आंब्यास मोहोर येतो, आणि नेमके त्याच वेळी कोठून तरी ढग येऊन गारांचा मारा करून जातात. वसंतास ऋतुराज म्हणणाऱ्या कवींनी या प्रदेशी पहाटे साडेपाचला वाहन हाकले नसावे, असा आमचा समज झाला आहे.

आम्ही हाकतो ते वाहन वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. ती तीन चाकांची सायकल आहे. बैठक जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. तिच्यावर आरामखुर्चीत रेलावे तशी पाठ टेकावयाची, पाय पुढे लांब करावयाचे, आणि पावलांपाशी असलेली पायडले फिरवावयाची. इंग्रजीत तिला 'रिकम्बंट ट्राइक' म्हणतात. आम्ही तिला 'उताणी तिचाकी' म्हणतो. आमच्या गल्लीतील पोरे 'खटियागाडी' म्हणतात, आणि खरे पाहता त्यांचेच नाव अधिक बोलके आहे. आमची तिचाकी विलायती नव्हे. येथील एका वेल्डरने दोन जुन्या सायकली आणि मोडीत निघालेल्या सायकलरिक्षाचा मागचा आस एकत्र जोडून ती सिद्ध केली. तीन साखळ्या जोडून तिची एक साखळी झाली आहे.

या वाहनाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आम्ही कारकून आहोत. बैठकीचे काम, आणि पस्तिशीच्या आतच रक्तातील साखर वाढू लागलेली. वैद्यांनी व्यायाम सांगितला. सायकल काढावी म्हटले, तो भोवळीचा विकार जडला. कानाच्या अंतर्भागात शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. त्यातच बिघाड झाल्यामुळे दोन चाकांवर बसणे वर्ज्य ठरले. एका वैद्याने सांगितलेला उपाय दुसऱ्याने सांगितलेल्या पथ्याने बाद व्हावा, असा हा पेच होता. तिसरे चाक त्यातून आले.

पण चाक आले तशी लाजही आली, हे कबूल केले पाहिजे. आमचे आजोबा १९५८ साली वर्धा जिल्ह्यातून येथे आले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा आजोबा गर्दीत कोठेतरी उभे होते. पाळी बदलताना रस्ता भरून वाहणारा सायकलींचा लोंढा, आणि त्यात पाठ ताठ ठेवून, डोक्यास शिरस्त्राण घालून चाललेला माणूस, ही आमच्या घरातील पुरुषार्थाची प्रतिमा. वेल्डरकडे गेलेल्या दोन सायकलींपैकी एक आजोबांची होती. बाबा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. त्यातून आपल्याकडे पाय पसरणे हे एकंदरीत वाईटच. वडीलधाऱ्यांपुढे पाय पसरून बसू नये. आणि पसरावेच लागले तर अंथरूण पाहून पसरावे. आम्ही तर भर रस्त्यात, साऱ्या सेक्टरातील वडीलधाऱ्यांच्या दिशेने, तळवे दाखवीत निघालो होतो.

व्यायामाविषयीची आपली कल्पनाही येथे आड येते. ज्या विदर्भातून आमचे घराणे आले तेथे १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. पुढे त्याचेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे जाऊन आपले देशी खेळ दाखविले. जोर, बैठका, मल्लखांब, लेझीम: यांपैकी एकही गोष्ट पाठ टेकून करावयाची नाही. टेकलेली पाठ ही विश्रांतीची किंवा आजाराची. तेव्हा आम्हांस पाहून येणारे-जाणारे एक तर हसत, नाही तर हळहळत. आणि हसण्यापेक्षा हळहळच अधिक झोंबे. अशा मनःस्थितीत, कचेरी सुटल्यावर, आम्ही या वाहनाची कुळकथा धुंडाळू लागलो.

कुळकथेचा आरंभ आमच्या लाजेस फारसा अनुकूल निघाला नाही. जर्मनीत न्यूरेंबर्गनजीक आल्टडॉर्फ नावाच्या गावी श्टेफान फार्फ्लर नावाचा एक घड्याळजी राहत असे. त्याचे पाय लहानपणापासून निकामी होते. १६५५ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या बाविशीत, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनविली. घड्याळजीच्या विद्येतील दातेरी चक्रे पुढच्या चाकास लावली आणि ती फिरविण्यास हातात धरावयाच्या मुठी बसविल्या. आपल्याकडील जावळीच्या मोहिमेच्या आगेमागेची ही गोष्ट. माणसाने स्वतःच्या बळावर स्वतःला चाकांवरून नेल्याची जी अगदी जुनी उदाहरणे नोंदली गेली, त्यांत हे एक आहे. आणि ते करणारा माणूस चालू शकत नव्हता. धडधाकट माणसांस ही कल्पना सुचून दोन चाकांची गाडी तयार होण्यास आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली.

ती गाडी मानहाइम येथील कार्ल ड्राइस याची. ज्या वर्षी खडकीस आणि सीताबर्डीस पुणे व नागपूर या आपल्या दोन्ही दौलतींचे भवितव्य ठरले, त्याच १८१७ सालच्या १२ जूनला ड्राइस आपल्या लाकडी दुचाकीवर, पायांनी जमीन ढकलीत, गावाबाहेर फेरी मारून आला. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेने सूर्य झाकोळून १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही, पिके बुडाली, घोड्यांस दाणा मिळेना, आणि म्हणून घोड्यावाचून चालणारे वाहन ड्राइसला सुचले, असे काही अभ्यासक मानतात. इतरांस ते पटत नाही. लहरी हवेत रोज सकाळी पाय हलविणाऱ्या आम्हांस मात्र ते खरे असावेसे वाटते, आणि एवढा पक्षपात वाचक क्षमा करतील.

पुढे पायडले आली, आणि १८७० नंतर पुढचे चाक छातीइतके उंच असलेली ती प्रसिद्ध सायकल आली, जिच्यावरून पडणे हा धाडसाचाच भाग समजला जाई. ज्यांना पडणे परवडत नव्हते अशांनी, म्हणजे लांब झग्यांतील स्त्रियांनी, डॉक्टरांनी, धर्मोपदेशकांनी, उतारवयाच्या गृहस्थांनी, तिचाकी जवळ केली. १८८१ साली व्हिक्टोरिया राणीने वाइट बेटावर एक तिचाकी धावताना पाहिली आणि दोन मागविल्या. त्या तिचाकीचा कर्ता कॉव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ले. तो एकदा आपल्या मुलाशेजारी बसून दोघांची तिचाकी चालवीत होता. मुलगा तरुण, त्याच्या बाजूचे चाक अधिक जोराने फिरले, आणि गाडी वळून दोघेही अंगास खाज आणणाऱ्या झुडपांत जाऊन पडले, असे सांगतात. दोन्ही चाकांस जोर पोचावा पण वळणावर प्रत्येकास आपापल्या गतीने फिरता यावे, अशी चक्ररचना त्याने १८७७ साली केली. मोटारीच्या चालत्या आसात आजही तिचेच तत्त्व वावरते. (आमच्या तिचाकीचा आस रिक्षाचा असल्यामुळे जोर एकाच चाकास पोचतो आणि दुसरे मोकळे फिरते. स्टार्लेचा शोध आमच्या वेल्डरपर्यंत अद्याप आलेला नाही.)

एवढ्यावर तिचाकीचे देणे संपत नाही. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला, ती गाडी तीन चाकांची होती. बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर प्रथम बसविला तो आपल्या लहान मुलाच्या तिचाकीस, आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. इतके सारे दुसऱ्यांच्या पदरात घालून तिचाकी स्वतः मात्र मागे पडली. स्टार्लेच्याच पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लेने, १८८५ साली सारख्या उंचीच्या दोन चाकांची सुरक्षित सायकल काढली. ती हलकी होती, स्वस्त होत गेली, आणि आमच्या आजोबांच्या सायकलीपर्यंतचे सारे वंशज तिचेच.

तीन चाकांची हकीकत ही अशी. 'उताणे' बसण्याची हकीकत निराळी आहे, आणि आम्हां कारकुनांस ती विशेष जवळची वाटावी. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा गाड्यांचा एक छोटा कारखानदार होता. मुलास सायकल हवी होती आणि आईस ती धोक्याची वाटत होती, म्हणून त्याने मुलास पायडलांची चारचाकी गाडी करून दिली, अशी कथा आहे. ती इतकी वेगाने पळे की मोठ्या माणसांसाठीही तशा गाड्या निघाल्या. पुढे मोशेने ती मधोमध चिरल्यासारखी करून तिची दोन चाकांची आवृत्ती काढली, रेलून बसण्याची तऱ्हा तीच ठेवली, आणि ती फ्रान्सिस फोर नावाच्या, पहिल्या फळीत न गणल्या जाणाऱ्या स्वाराच्या हाती दिली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फोरने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम १९१४ पासून, म्हणजे एकोणीस वर्षे, कोणास मोडता आला नव्हता.

येथे बुद्धी चकित होत नाही. सपाट रस्त्यावर वेग वाढला की स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. जो वाऱ्यास छाती कमी दाखवील त्याचा मार्ग सोपा. समोरून वारा सुटला की ताठ बसलेले सायकलस्वार माना खाली घालतात; आम्ही आधीच खाली असतो. (आमची गाडी इतकी जड आहे की तिचा आम्हांस वेगाच्या दृष्टीने काही उपयोग नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.) चकित करणारी गोष्ट पुढे घडली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला मॉरिस रिशारने नेहमीच्या सायकलीवर तासाभरात ४४.७७७ किलोमीटर तोडले, म्हणजे फोरपेक्षा कमी. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे प्रश्न आला की विक्रम कोणाचा. १९३४ साली संघटनेने सायकल म्हणजे काय याचीच नवी व्याख्या केली, बैठक आणि पायडलांचा कणा यांत किती अंतर असावे ते ठरविले, आणि त्या मापात न बसणारे वाहन स्पर्धेतून बाद केले. विक्रमाच्या वहीत रिशारचे कमी अंतर राहिले.

आमची हयात व्याख्या आणि टिपणे यांत चालली आहे, म्हणून या निर्णयाचा आम्हांस राग येण्याऐवजी ओळख पटली. वस्तू चांगली की वाईट हा प्रश्न अवघड असला म्हणजे ती कोणत्या सदरात मोडते हा सोपा प्रश्न पुढे करावा. सदर सापडले नाही की फाईल मिटते. संघटनेच्या बाजूनेही बोलता येईल. स्पर्धा माणसांची असावी, यंत्रांची नसावी, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. परंतु त्या एका निर्णयाने झाले असे की मोठ्या कारखान्यांनी या बैठकीकडे पाहणेच सोडले. मोशे त्याच वर्षी वारला. फोरने ५ मार्च १९३९ रोजी, वाऱ्यास आडोसा करणारे कवच बसविलेल्या गाडीवर, तासात ५०.५३७ किलोमीटर गाठले. पण ते आता सायकलीच्या इतिहासात मोजले जाणार नव्हते. १९७६ साली अमेरिकेत मानवी बळावर चालणाऱ्या वाहनांची निराळी संघटना निघाली, तेव्हा कोठे या बैठकीचा पुनर्जन्म झाला, आणि तीन चाके व टेकलेली पाठ यांचा आजचा संगम पुढच्या दोन दशकांत रूढ झाला.

आमच्या गाडीचा आस रिक्षाचा आहे, तेव्हा कुळकथेची दुसरी शाखाही सांगितली पाहिजे. ती आपल्या देशातील आहे, आणि तीत व्यायामाचा शब्दही नाही. सायकलरिक्षा ही तिचाकीच. तिच्यावर बसणारा माणूस मात्र आपल्या बळावर दुसऱ्यास नेतो. पिढ्यान् पिढ्या तिची घडण बदलली नाही. गिअर नाहीत, ब्रेक यथातथा. चढ आला की ओढणारा उतरतो आणि बैल होतो. या घडणीकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले गेले ते आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणास. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तेथे स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी नव्वदीच्या दशकात सायकलरिक्षा सुधारण्याचे काम हाती घेतले: गिअर, नीट ब्रेक, हलका सांगाडा, आणि पुढे विजेवर चालणारी रिक्षा. राजवंशी मूळचे लखनौकडचे. अमेरिकेत शिकून १९८१ साली फलटणास आले आणि तेथेच राहिले. पोटासाठी हिंदी मुलखात आलेल्या आम्हां मराठी माणसांना या उलट्या प्रवासाचे कौतुक वाटल्यास नवल नाही.

याच निंबकर घराण्यातील आणखी एक नाव आमच्या विषयास येऊन भिडते. बनबिहारी हे इरावतीबाई कर्व्यांचे जावई म्हणून, जाई निंबकरांचे पती म्हणून, मराठी वाचकास ठाऊक असतील. त्यांच्या मातोश्री कमलाबाई तितक्या ठाऊक नाहीत. त्या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतील क्वेकर घराण्यातील. विवाहानंतर या देशाच्या झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा त्यांनी काढली. आशियातील ती पहिली. रोग्यास औषध देऊन घरी धाडले की काम संपत नाही. ज्याचा हात किंवा पाय गेला त्यास जेवणे, कपडे घालणे, उपजीविका करणे पुन्हा शिकविले पाहिजे, असे हे शास्त्र. आईने अपंगांच्या हातापायांची चिंता वाहिली, आणि पुढे मुलाच्या संस्थेत रिक्षावाल्याच्या गुडघ्यांची चिंता झाली. यात योजना होती असे आम्ही म्हणत नाही. घराण्याला वळण असते एवढेच.

फलटणच्या रिक्षेने देश भरला नाही. पण विजेच्या रिक्षा कोठून कोठून आल्याच, आणि भिलाईत आज स्टेशनबाहेर त्यांचीच रांग असते. जुन्या सायकलरिक्षांचे आस भंगारात स्वस्त मिळतात ते यामुळेच. माथेरानात मात्र माणसाने माणसास ओढण्याचा प्रकार पार परवापर्यंत चालू होता. ऑगस्ट २०२५ मध्ये, अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने तो सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

ही सारी टिपणे आम्ही वहीत उतरवून काढली तो गेल्या वर्षीचा फाल्गुन होता, आणि एवढे वाचून आपली लाज गेली असे आम्ही समजत होतो. एका पहाटे दुर्गच्या दिशेने गेलो असता आभाळ अचानक काळे झाले. टपोरे थेंब, मग गारा. आम्ही रेल्वेच्या पुलाखाली शिरलो. तेथे आधीच एक गृहस्थ आडोशास होते. पायांनी अधू, सरकारी शिबिरांत मिळते तसल्या हाताने फिरवावयाच्या तिचाकीवर बसलेले, मागे भाजीची टोपली बांधलेली. त्यांच्या हातातील मूठ फार्फ्लरच्या मुठीहून फारशी निराळी नव्हती. त्यांनी आमच्या गाडीकडे नीट न्याहाळून पाहिले आणि आपुलकीने विचारले, "कौन से शिविर में मिली, भैया?"

आम्ही घाईघाईने सांगितले की आमचे पाय चांगले आहेत.

वाक्य तोंडातून निघाले मात्र, आणि आमच्या वहीतील साऱ्या टिपणांची किंमत आम्हांस कळली. फार्फ्लरची माहिती आम्हांस होती. त्याच्या भाऊबंदांत गणले जाण्याची तयारी नव्हती. त्या गृहस्थांस वाईट वाटले की नाही ते सांगता येत नाही. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलेसुद्धा नाही. ते पुढच्या चाकाकडे पाहत होते. त्या चाकास मडगार्ड नव्हते, आणि खाली रेलून बसणाराच्या तोंडावर सारा चिखल उडतो, हे आमच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. स्वतःच्या चाकावर त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसविला होता. तो कसा कापावा, कडा आत कशी दुमडावी म्हणजे हात चिरत नाही, तार कोठून ओवावी, हे त्यांनी गारा थांबेपर्यंत समजावून सांगितले. निघताना आम्ही आमचा भोवळीचा विकार त्यांस सांगितला. ते म्हणाले, "तो फिर तीन ही ठीक है," आणि मूठ फिरवीत उन्हात निघून गेले. कारण तेवढ्यात ऊनही पडले होते.

घरी येऊन आम्ही तेलाचा रिकामा डबा शोधू लागलो. बाबांनी कारण विचारले, आम्ही सांगितले. ते काही न बोलता माळ्यावर चढले आणि आजोबांच्या सायकलीचे मडगार्ड घेऊन खाली उतरले. सायकल मोडताना ते त्यांनी वेल्डरच्या हाती लागू दिले नव्हते. हिरवा रंग काठाशी तेवढा उरला होता. दोघांनी मिळून ते बसवून पाहिले, पण भोक जुळेना. दुसऱ्या दिवशी वेल्डरकडे नेले. त्याने नवे भोक पाडून दिले आणि वीस रुपये घेतले. बाबांना ते जास्त वाटले.